पौगंड : मोजणीतून निसटलेले वय

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले की वृत्तपत्रांतून एक आकडा हमखास ठळक छापला जातो : देशातील किती टक्के मुले वयाच्या मानाने ठेंगणी आहेत. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हा आकडा ३५.५ टक्के होता. त्यावर अग्रलेख लिहिले जातात, चर्चा झडतात, आणि ते योग्यच आहे. मात्र या बातमीतील ‘मुले’ या शब्दाचा अर्थ किती मर्यादित आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. या सर्वेक्षणात उंची आणि वजन घेतले जाते ते ५ वर्षांखालील बालकांचे, आणि त्यानंतर थेट १५ वर्षांवरील स्त्रीपुरुषांचे. मधली १० वर्षे मोजपट्टी मुलाच्या वाटेला जात नाही.

या रिकाम्या जागेतील पूर्वार्ध, म्हणजे साधारण सहाव्या वर्षापासून दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंतचा काळ, हा या लेखाचा विषय आहे. बाळाची वाढ दर महिन्याला डोळ्यांना दिसते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची उंची बघता बघता दाराच्या चौकटीला भिडू लागते. या दोहोंच्या मधला काळ मात्र संथ, ‘काहीच न घडण्याचा’ मानला जातो. हा संथपणा मुलाच्या शरीरात जितका आहे, त्याहून अधिक तो आपल्या मोजण्याच्या रीतीत आहे, असे विज्ञानाचा इतिहास पाहता दिसते. त्या इतिहासातील काही महत्त्वाची पाने कोलकात्यात आणि पुण्यात लिहिली गेली आहेत.

आधी शब्दच पाहू. आज मराठीत ‘पौगंडावस्था’ म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो मिसरूड फुटू लागलेला, आवाज घोगरा झालेला मुलगा. संस्कृतात मात्र पौगंड म्हणजे साधारणपणे पाच ते दहा वर्षांचे वय. सोळाव्या शतकात बंगालच्या वैष्णव परंपरेतील रूप गोस्वामींनी ‘भक्तिरसामृतसिंधु’ या ग्रंथात वयाचे टप्पे सांगताना पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड आणि सोळाव्यापर्यंत कैशोर अशी विभागणी केली आहे. मराठीत येता येता ‘कुमार’ आणि ‘पौगंड’ हे दोन्ही शब्द वयाने पुढे सरकले आणि पुढच्या अवस्थेला जाऊन चिकटले. मधल्या वयाला आपले असे नाव उरले नाही. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी ‘उत्तर बाल्यावस्था’ हा शब्द रूढ केला खरा. पण तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकेबाहेर फारसा पडला नाही.

जुन्या समाजांना हे वय ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण पौगंड वयात येतो तेव्हा वासरे राखणाऱ्या त्या मुलाला गायी राखण्याची अनुमती मिळते. गृह्यसूत्रांनी ब्राह्मण बटूच्या उपनयनासाठी आठवे वर्ष सांगितले आहे. १९७५ मध्ये बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील ५० समाजांविषयीच्या मानववंशशास्त्रीय नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा बहुतेक ठिकाणी पाच ते सात या वयात मुलांकडे काहीतरी सोपवले जाते असे त्यांना आढळले : धाकटे भावंड, गुरे, चूल किंवा निरोप. मूल आता सांगितलेले लक्षात ठेवते, नियम पाळते, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहू शकते, ही जाण समाजांना प्रयोगशाळेच्या फार आधीपासून होती.

आधुनिक राज्यसंस्थेने हे वय प्रथम ओळखले ते मात्र श्रमाचे वय म्हणून. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कारखाना कायद्याने ९ वर्षांखालील मुलांना कापडगिरण्यांत मज्जाव केला. जन्माचे दाखले नसत, आईबाप वय वाढवून सांगत. तेव्हा एडविन सॉंडर्स या दंतवैद्याने १८३७ मध्ये असा पक्ष मांडला की वय ठरवायला उंचीपेक्षा दात अधिक विश्वासार्ह आहेत. दुधाचे दात पडून कायमचे येण्याचा जो क्रम साधारण सहाव्या वर्षी सुरू होतो, तो अशा रीतीने कायद्याच्या कामी आला. हिंदुस्थानात १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने ७ वर्षांखालील मुलांना कामास मनाई केली आणि ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली. १८९१ मध्ये किमान वय ९ झाले, मुलांची वयोमर्यादा १४ पर्यंत वाढली आणि कामाचे तास ७ वर आले. मुंबईच्या गिरण्यांत सूत जोडणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलाबद्दल सरकारने विचारलेला पहिला प्रश्न ‘हे मूल कसे वाढते आहे’ हा नव्हता. ‘याच्याकडून किती तास काम घ्यावे’ हा होता.

या वयाकडे वेगळ्या नजरेने पाहणारे लोकही होते, आणि त्यांतील एक ठळक उदाहरण महाराष्ट्राचे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे नाव आपण बालवाडीशी जोडतो. १९४५ साली बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे ग्रामबालशिक्षणाचे काम १९५७ मध्ये डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले सहा-सात वर्षांची झाली की शाळेत येत नसत, कारण ती गुरे राखायला जात. तेव्हा शाळाच कुरणात नेण्यात आली आणि तिला कुरणशाळा म्हटले गेले. मूल जबाबदारी घेऊ लागले आहे म्हणून त्याचे शिकणे संपत नाही. उलट याच वयात ते सवंगड्यांकडून, कामातून आणि नियमांच्या खेळातून सर्वाधिक शिकू शकते, हे निरीक्षण त्या प्रयोगामागे होते.

आता शरीराच्या मोजणीकडे वळू. वाढीच्या शास्त्राची सुरुवात ज्या नोंदीपासून मानली जाते, ती एका बापाने ठेवलेली आहे. फ्रान्समधील काउंट द मॉंबेयार यांनी १७५९ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी, तो १८ वर्षांचा होईपर्यंत टिपून ठेवली, आणि त्यांचे स्नेही ब्युफाँ यांनी ती आपल्या निसर्गेतिहासाच्या पुरवणीत छापली. या नोंदीचे मोल तिच्यातील उंचीत नाही. एकच मूल पुनःपुन्हा मोजले गेले, यात आहे. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा फरक पहिल्याच वर्षी शिकवला जातो. एका क्षणीचे छायाचित्र पाहून चेंडू कोठे आहे एवढे कळते. तो कोणत्या वेगाने कोणीकडे चालला आहे, हे कळायला दुसरे छायाचित्र लागते.

आठ वर्षांची दोन मुले घ्या. दोघांचीही उंची आज १२० सेंटिमीटर आहे. पहिले मूल गेल्या वर्षी ११५ होते, दुसरे ११७. आजच्या तक्त्यावर दोघे एकाच ठिपक्यावर उभे आहेत. परंतु एकाचा वेग वर्षाला ५ सेंटिमीटर आहे आणि दुसऱ्याचा ३. या वयात बहुतेक मुले वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटर वाढतात, आणि वेग ४ च्या खाली राहिला तर बालरोगतज्ज्ञ कारण शोधू लागतात. दुसऱ्या मुलाकडे लक्ष जायला हवे, हे फक्त जुना आकडा सांगू शकतो.

दुसरी अडचण सरासरीची आहे. हजार वेगवेगळ्या मुलांना एकदाच मोजून प्रत्येक वयाची सरासरी काढली, आणि ते बिंदू जोडले, तर एक सुबक रेषा मिळते. ती रेषा कोणत्याही एका मुलाची नसते. वाढीची उसळी कोणाला दहाव्या वर्षी येते, कोणाला बाराव्या, कोणाला चौदाव्या. सरासरीत या सगळ्या उसळ्या एकमेकींत मिसळतात आणि कडा बोथट होतात. फ्रांत्स बोआस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा धोका ओळखला होता. मोठ्या उसळीची जर ही गत, तर लहानशीचे काय होणार? अनेक मुलांत साडेसहा ते आठ या वयाच्या आसपास वेगात एक हलका उंचवटा येतो. प्रत्येकाचा उंचवटा थोड्या निराळ्या वेळी येतो, आणि सरासरीत तो पुसला जातो. संथ वाटणाऱ्या वयाचा संथपणा काही अंशी असा तयार होतो.

हिंदुस्थानात मानवी शरीरमापनाचा पाया घातला गेला तो मुलांसाठी नव्हे. हर्बर्ट रिस्ली यांनी १८८० च्या दशकात बंगालमध्ये जातीजमातींची मोजमापे घेतली, ती वंशांचे वर्गीकरण करण्यासाठी. याच मोजमापांच्या क्षेत्रात पुढे एक पदार्थवैज्ञानिक शिरला. प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे प्रशांतचंद्र महालनोबिस १९२० मध्ये नागपूरला भरलेल्या सायन्स काँग्रेसला गेले असता नेल्सन ॲनंडेल यांच्याशी त्यांचे बोलणे झाले, आणि कलकत्त्यातील अँग्लो-इंडियनांच्या मोजमापांचे विश्लेषण त्यांच्याकडे आले. त्यावरचा त्यांचा पहिला निबंध १९२२ चा. दोन मानवसमूहांतील अंतर मोजण्याची त्यांची १९३६ ची प्रसिद्ध पद्धत, जी आज संगणकशास्त्रातही वापरली जाते, तिचे मूळ या कामात आहे. डिसेंबर १९३१ मध्ये त्यांनी स्थापन केलेली भारतीय सांख्यिकी संस्था आरंभी प्रेसिडेन्सीच्या पदार्थविज्ञान विभागातच नांदत होती. त्या प्रेसिडेन्सीचा दुसरा परिसर आज न्यू टाउनमध्ये, म्हणजे मी राहतो त्या उपनगरात आहे.

पाहा, येथपर्यंत ‘समूह’ मोजले जात होते. १९५२ मध्ये याच सांख्यिकी संस्थेतील मानवशास्त्रज्ञ एस. आर. दास यांनी ‘मूल’ मोजण्यास घेतले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, नैऋत्येस, सरसुना आणि बरिशा ही तेव्हाच्या कलकत्त्याच्या वेशीवरची गावे होती. आज ती महानगराच्या पोटात गेली आहेत. तेथील बंगाली कुटुंबांतील मुलामुलींची मोजमापे १९५२ ते १९६६ पर्यंत पुनःपुन्हा घेण्यात आली. काही मुले तान्हेपणापासून, काही मध्येच सामील झालेली. अनेक घरांतील सख्खी भावंडेही त्यांत होती, त्यामुळे वाढीच्या ढंगात भावंडांचे साम्य किती, हेही पुढे तपासता आले. ‘सरसुना-बरिशा मालिका’ म्हणून ती जगभरच्या वाढशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. १९८० मध्ये रोलंड हॉस्पी, दास, मायकेल प्रीस आणि जेम्स टॅनर यांनी सहा महिने ते वीस वर्षे या वयातील तिचे विश्लेषण प्रसिद्ध केले.

संगणक दुर्मीळ, निधी तुटपुंजा आणि कुटुंबे घर बदलणारी, अशा काळात चौदा वर्षे त्याच दारांशी मोजपट्टी घेऊन जाणे, याचे महत्त्व शब्दांनी वाढवण्याची गरज नाही. आणखी एक गोष्ट अभ्यासकाला जाणवते. त्या विश्लेषणात वाढीला जी गणिती वक्ररेषा बसवली होती ती प्रीस आणि बेन्स यांची १९७८ ची. किशोरवयातील उसळी पकडण्यात ती वाकबगार आहे. पण तिच्या सूत्रातच मधल्या वयातील उंचवट्याला जागा नाही. १९८० च्या दशकात झ्युरिकमधील दीर्घकालीन नोंदींना थिओ गॅसर आणि सहकाऱ्यांनी आधीच ठरवलेला कोणताही आकार न लादता रेषा जुळवून पाहिली, तेव्हा तो उंचवटा स्पष्ट उभा राहिला. आपण जे सूत्र निवडतो त्यात नसलेली गोष्ट त्या सूत्रातून दिसत नाही, हा धडा प्रत्येक शास्त्राला केव्हा ना केव्हा शिकावा लागतो.

यावर कोणी म्हणेल की असेल एखादा लहानसा उंचवटा. त्याने बिघडते काय? बिघडते काय, याचे उत्तर दिल्ली आणि पुणे या दोन शहरांतून आले.

दक्षिण दिल्लीत १९६९ पासून जन्मलेल्या हजारो बाळांची नोंद ठेवून त्यांना दर सहा महिन्यांनी मोजण्याचा एक उपक्रम झाला होता. तीस वर्षांनी संशोधकांनी त्यांतील १,४९२ जणांना पुन्हा गाठले, त्यांची रक्तशर्करा तपासली आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा बीएमआय निर्देशांक बहुतेक मुलांत साधारण सहाव्या वर्षापर्यंत उतरतो आणि मग पुन्हा चढू लागतो. ज्यांना तरुणपणी मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था आढळली, ते दुसऱ्या वर्षापर्यंत कृश होते, त्यांचा निर्देशांक इतरांपेक्षा लवकर चढू लागला होता, आणि नंतर तो चढतच राहिला. तरीही बाराव्या वर्षी त्यांतील एकही मूल स्थूल नव्हते. बाराव्या वर्षी एकदाच मोजणाऱ्या डॉक्टराने या प्रत्येकाला ‘ठीक आहे’ असे सांगून घरी पाठवले असते. धोका आकड्यात नव्हता, आकडा ज्या दिशेने सरकत होता त्यात होता.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात जन्मलेल्या मुलांचा अभ्यास तर नेमका आठव्या वर्षावर आहे. आशिष बावडेकर, चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४७७ मुलांना आठव्या वर्षी तपासले आणि १९९९ मध्ये निष्कर्ष मांडले. इन्सुलिनला शरीर पुरेशी दाद देत नाही, रक्तातील मेदाचे प्रमाण बिघडते, अशी चिन्हे ज्या मुलांत सर्वांत ठळक होती, ती जन्मतः हलकी असून आठव्या वर्षापर्यंत अंगाने मोठी झालेली मुले होती. घरच्यांच्या दृष्टीने हे यश असते : ‘जन्मला तेव्हा केवढासा होता, आता बघा कसा भरला आहे.’ जन्माचा आकडा आणि आठव्या वर्षाचा आकडा शेजारी ठेवल्यावाचून या यशातला दुसरा अर्थ वाचता येत नाही. याज्ञिक यांच्याच पुढाकाराने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गर्भवती मातांची नोंद सुरू झाली, आणि त्यांची मुले सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी पुन्हा मोजली गेली. दास यांनी सरसुन्यात जे केले, त्याच जातीची ही चिकाटी आहे.

मनाच्या वाढीची कथाही अशाच वळणाने जाते. शाळेत कोणत्या मुलांना अधिक मदत लागेल हे ओळखण्यासाठी आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये थिओडोर सिमाँ यांच्यासह चाचणी रचली. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बसवली. त्यांचा निबंध १९३४ चा आणि भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील ग्रंथ १९४० चा. मराठी मुलाचे मन मराठीत मोजण्याचा हा एक आरंभीचा गंभीर प्रयत्न होता. पुढे ‘बुद्ध्यंक’ हा एकच आकडा मुलाच्या कपाळी चिकटवण्याची सवय जगभर लागली. जीन पियाजे यांनी मात्र मूल कोणत्या वयात काय चुकते आणि का चुकते, याकडे लक्ष दिले. उंच पेल्यातले पाणी पसरट भांड्यात ओतले तरी ते तितकेच राहते, हे साधारण सातव्या वर्षानंतर मुलाला पटू लागते. हाताळता येणाऱ्या वस्तूंविषयी ते सुसंगत विचार करू लागते. शाळेतले गणित या पायावर उभे असते.

मेंदूचे आकारमान सहाव्या वर्षापर्यंत प्रौढाच्या जवळपास पोहोचलेले असते. म्हणून मधल्या वयात मेंदूत विशेष घडत नाही असे वाटू शकते. फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ३०७ मुलांच्या मेंदूप्रतिमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील बहुसंख्य मुलांच्या प्रतिमा काही वर्षांच्या अंतराने पुन्हा घेतलेल्या होत्या. बुद्धिचाचणीतील गुणांशी मेंदूच्या बाह्यकाच्या जाडीचा संबंध फारसा नव्हता. ती जाडी या वर्षांत कशी वाढते आणि मग कशी उतरते, त्या वाटचालीशी होता. येथेही उत्तर स्थितीत नव्हते, गतीत होते. पुण्याच्या केईएममध्येच, १९८० च्या दशकाअखेर कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळांचा मागोवा सुधा चौधरी यांनी शाळेच्या वयापर्यंत घेतला. अशा मुलांची सरासरी बुद्धिमत्ता सामान्य मर्यादेतच आढळली, पण तुलनेच्या मुलांपेक्षा कमी. आणि वाचन व गणितातील अडचणी शाळेच्या वयातच उघड झाल्या. बालवाडीच्या वयात मागोवा थांबवला असता तर त्या दिसल्या नसत्या.

मग हे वय राष्ट्रीय मोजणीतून निसटले कसे? त्यामागे एक सबळ युक्तिवाद आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. गर्भावस्था आणि पहिली दोन वर्षे, म्हणजे पहिले हजार दिवस, हा काळ सर्वांत नाजूक असतो. तेव्हा झालेले नुकसान पुढे भरून काढणे कठीण असते. साधने अपुरी असतील तर ती तेथे आधी खर्च व्हावीत. हे खरे आहे. मात्र ‘आधी’ याचा अर्थ हळूहळू ‘फक्त’ असा झाला. जागतिक आरोग्य संघटनेने ५ वर्षांखालील मुलांसाठी २००६ मध्ये जी मानके दिली, ती दिल्लीसह सहा देशांतील मुलांना १९९७ ते २००३ या काळात नव्याने मोजून तयार केली होती. ५ ते १९ वर्षांसाठी २००७ मध्ये दिलेले तक्ते मात्र १९७७ च्या अमेरिकी आकड्यांची फेरमांडणी करून बनवलेले आहेत. भारतातील बालरोगतज्ज्ञ आज ५ ते १८ वर्षांसाठी जे तक्ते वापरतात, ते २०१५ मध्ये पुण्याच्या वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी चौदा शहरांतील ३३,१४८ मुलांच्या मोजमापांवरून सिद्ध केले. डोनाल्ड बंडी आणि सहकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये हजार दिवसांना ‘पुढचे ७,००० दिवस’ जोडले, आणि त्यांत ५ ते ९ या वयाला वाढीचा आणि दृढीकरणाचा स्वतंत्र टप्पा म्हणून स्थान दिले.

आपल्याकडेही एकदा दार उघडले होते. २०१६-१८ मध्ये केंद्र सरकार आणि युनिसेफ यांनी केलेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ० ते १९ वयाच्या १,१२,००० हून अधिक मुलांना सामावून घेतले गेले. ५ ते ९ वयोगटात २२ टक्के मुले वयाच्या मानाने ठेंगणी, २३ टक्के कृश आणि ४ टक्के अतिवजनी आढळली. ज्या वयाला आपण काही न घडण्याचे वय म्हणतो, त्या वयातील ही संख्या आहे. शिक्षणाच्या बाजूने ‘असर’ सर्वेक्षण हे वय टिपते : दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्या पाचवीतील ग्रामीण मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते, शाळाबंदीनंतर २०२२ मध्ये ते ४२.८ पर्यंत घसरले आणि २०२४ मध्ये ४८.८ झाले. दोन्ही सर्वेक्षणे मोलाची आहेत. पण दोन्ही छायाचित्रेच आहेत. दर खेपेस मुले निराळी.

आणि तरीही आपण या मुलांना खायला घालतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या, सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशाने शिजवलेल्या अन्नाची झालेल्या मध्यान्ह भोजन योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण आहे. इतक्या मोठ्या प्रमाणावर मुलांना जेवू घालणारे देश थोडे. १८८१ मध्ये सरकारने विचारले होते, या मुलाकडून किती तास काम घ्यावे. १९९५ मध्ये विचारले, याला किती धान्य द्यावे. हे मूल गेल्या वर्षीपेक्षा किती वाढले, हा प्रश्न अजून विचारायचा आहे.

तो विचारायला नवी प्रयोगशाळा लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार २०१३ पासून सरकारी शाळांतील मुलांची वर्षातून एकदा आरोग्यतपासणी होणे अपेक्षित आहे, आणि तीत उंची-वजन घेतले जाते. प्रत्येक आकडा त्या वर्षीच्या तक्त्याशी ताडून पाहून नोंदवही मिटली, तर तिचा निम्मा उपयोग वाया जातो. यंदाच्या उंचीशेजारी गेल्या वर्षीची उंची आणि दोहोंतील वजाबाकी, एवढे दोन रकाने वाढवले तर तीच नोंदवही सरसुना-बरिशा मालिकेची धाकटी बहीण होऊ शकते. अर्थात वजाबाकीत दोन्ही मोजण्यांच्या चुका एकत्र येतात, म्हणून काळजी अधिक हवी. माणसाची उंची सकाळपेक्षा संध्याकाळी सुमारे १ सेंटिमीटरने कमी भरते. तेव्हा मोजणी दर वर्षी त्याच ऋतूत, दिवसाच्या त्याच वेळी, अनवाणी आणि त्याच पट्टीने व्हावी. एका वर्षाच्या वेगावरून कोणत्याही मुलावर शिक्का मारू नये. पण सलग दोन वर्षे वेग मंदावला, किंवा वजन उंचीला मागे टाकून धावू लागले, तर त्या मुलाला डॉक्टरांकडे पाठवावे. शाळा बदलताना नोंद मुलाबरोबर जावी.

आईबापांनाही हे करता येईल. दाराच्या चौकटीवर वाढदिवसाला पेन्सिलीने रेघ मारायची, बाजूला तारीख लिहायची, आणि घराला रंग देताना ती पुसू द्यायची नाही. मॉंबेयार यांनी याहून फार वेगळे काही केले नव्हते.